पगडीची घडी कुठून चढते ते बघायला भायखळ्याला

नाटकांचा कपडेपट सांभाळायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. फेटे-पगड्यांचा हात मामाकडून मिळाला. सध्या ज्या नाटकाची तालीम चालू आहे ते 1870 च्या सुमाराच्या मुंबईत घडतं. गिरगावातला कारकून, पारशी दलाल, भाटिया व्यापारी अशी पात्रं. दिग्दर्शकाने मोबाइलवर दोन जुने फोटो पाठवले. पगडी एकाच धाटणीची, पण एकात घड्या डावीकडून चढलेल्या, दुसऱ्यात उजवीकडून. काचेची निगेटिव्ह पालथी पडून छापली गेली की डाव्याचं उजवं होतं, हे मला ठाऊक होतं. अंगरख्याचे बंद ठरलेल्या बाजूला असतात, ते दिसले असते तर ताळा करता आला असता, पण दोघांच्याही अंगावर शाली. मग मी हाताखालच्या पोराला घेऊन राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय गाठलं.

भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. त्या दिवशी बागेच्या दाराशी पेंग्विन बघायला आलेल्यांची ही गर्दी, आणि शेजारी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर आम्ही दोघंच. वाईट वाटलं. महापालिकेचं, म्हणजे आपलंच संग्रहालय आहे हे. शहरातलं सगळ्यात जुनं. 1872 साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने उघडलं आणि 1975 साली भाऊ दाजींचं नाव मिळालं. ते उभं राहावं म्हणून भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी जिवापाड खटपट केली होती. आम्हा नाटकवाल्यांवर या दोघांचं वेगळं ऋण आहे. मराठी नाटकाचा पाया घालणाऱ्या विष्णुदास भाव्यांची मंडळी 1853 साली मुंबईत खेळ करायला आली ती ग्रँट रोडच्या थिएटरात, आणि ते थिएटर नानांच्या जागेवर उभं होतं. भाऊ दाजींनीही नाटकाला असाच हात दिला. म्हणून आत शिरताना मी चप्पल काढल्यासारखी हळू चालले.

इमारतीबद्दल सगळेच लिहितात, मी थोडक्यात आटोपते. हिरवा रंग, सोन्याचा मुलामा, बिडाचे नक्षीदार खांब, वरपर्यंत उघडा चौक. मोडकळीला आलेली ही वास्तू दुरुस्त करून 2008 साली पुन्हा उघडली. त्या कामाला त्याआधीच, 2005 साली, युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला होता. डोळे दिपतात, पण मला कपाटं बघायची होती.

इथल्या कपाटांत मातीची माणसं आहेत. निरनिराळ्या जातींची, धंद्यांची, आपापल्या पेहरावातली. आणि नुसती डोकीही आहेत, प्रत्येकावर वेगळं शिरस्त्राण. त्यांच्यासमोर मी दीड तास होते. फोटो समोरचंच दाखवतो. मातीच्या डोक्याकडे काचेला गाल लावून बाजूने बघता येतं. पगडी कानावर किती उतरते, कपाळ किती उघडं राहतं, मागे उंची कुठे कमी होते, हे सगळं तिथे कळतं. मुख्य म्हणजे मातीच्या डोक्याचं डावं-उजवं छापखान्यात बदलत नाही. पोराला वही दिली आणि सांगितलं, नाव लिहू नकोस, घड्या मोज.

नव्या पोरांना मी नेहमी सांगते, पागोटं वेगळं आणि पगडी वेगळी. पागोटं रोज डोक्यावर गुंडाळायचं. पगडी पगडबंदाने बांधून दिलेली असते, ती टोपीसारखी चढवायची. टीव्हीवर सगळ्यांनाच एक फेटा बांधून मोकळे होतात आणि शिपाई, सावकार, शास्त्री सगळे लग्नातले वऱ्हाडी दिसायला लागतात. त्या काळी रस्त्यावर चालणाऱ्या माणसाची जात, गाव, धंदा लांबून डोक्यावरून ओळखू यायचा. ते योग्य होतं की नाही हा वेगळा प्रश्न, पण नाटकात ते दिसायला हवं.

डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका. हे नमुने इंग्रजी अमदानीत, कोण कुठल्या जातीचा हे दाखवण्यासाठी घडवलेले आहेत. खाली धंदा आहे, जात आहे, माणसाचं नाव नाही. कपडे कोरे, घामाचा डाग नाही, धोतराला ठिगळ नाही. आमच्या कारकुनाला नाव आहे, कर्ज आहे, दोन मुली आहेत. त्याची पगडी कडेला विटलेलीच हवी. बांधणी इथून घ्यावी, झीज आपण आणावी.

मुंबईचे जुने नकाशे आहेत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेली निळी-हिरवी भांडी आहेत. माझा वेळ संपला होता, ती भरभर बघितली. बाहेर आल्यावर पोराने दगडी हत्तीजवळ थांबवलं. हा घारापुरीचा हत्ती. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली तो इंग्लंडला न्यायला निघाले तेव्हा उचलताना पडला आणि तुकडे झाले. ते 1914 मध्ये जोडले. सांधे अजून दिसतात. पोराने त्यांच्यावरही बोट फिरवलं, घड्या मोजल्यासारखं.

संग्रहालय बुधवारी बंद असतं. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी जा आणि वही-पेन्सिल न्या. शिवणकाम, रंगभूषा, मूर्तिकाम करणाऱ्यांनी तर जायलाच हवं. गणपतीच्या शाळांतल्या पोरांना कुणी घेऊन जाईल तर फार बरं होईल.

संध्याकाळी तालमीला गेले. आमचा कारकून आठ दिवस उलटी पगडी घालून वावरत होता. सगळी उसवली, कापड पाण्याचा हात लावून ताणलं आणि दुसऱ्या बाजूने पहिली घडी घातली. पोराने वही बघत मोजून दिल्या.