बुडापेस्टमध्ये एकट्याने: सातव्या वॉर्डात की नदीपलीकडे?

बुडापेस्टचं हॉस्टेल शोधायला बसलं की नकाशावर ठिपक्यांचा गठ्ठा एकाच जागी दिसतो: पेस्टमधला सातवा वॉर्ड, एर्झेबेतवारोश. जुनी ज्यू वस्ती, दोहान्य रस्त्यावरचं प्रचंड सिनॅगॉग आणि पडक्या इमारतींत थाटलेले बार. बहुतेक जण फार विचार न करता तिथलंच बुक करतात. माझ्या मते तुलना करण्याजोगी दुसरी जागा दानूबपलीकडे, बुडा बाजूला आहे: अकरावा वॉर्ड, मोरित्स झिग्मोंड चौकाच्या आसपास. (किल्ल्याचा भाग नव्हे. पर्यटक उतरून गेले की तिथे संध्याकाळी चिटपाखरू नसतं.) मी दोन्हीकडे राहिलो आहे.

आधी सातव्या वॉर्डाची बाजू, कारण ती भक्कम आहे. एकट्या माणसाला सोबत लागते आणि ती इथे शोधावी लागत नाही. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मॅगीचं पाणी उकळेपर्यंत कोणीतरी "कुठला तू?" विचारतं आणि रात्री सगळी वरात काझिन्त्सी रस्त्यावरच्या सिम्प्ला या बारमध्ये जाऊन बसते. सिम्प्ला २००२ साली सुरू झालं, २००४ पासून ते या जागेत आहे आणि पडीक इमारतीत बार काढायची टूम मुख्यतः त्याच्यामुळेच पसरली. अंगणात एक जुनी ट्राबान्ट गाडी आहे, तिच्यात बसून लोक बिअर पितात. ज्याला एकट्याने टेबलावर बसून जेवायचा संकोच वाटतो, त्याचा तो संकोच इथे पहिल्याच रात्री जातो. माझी एक मैत्रीण तर म्हणते की रात्री परतताना तिला या गर्दीचाच आधार वाटला. तिचं म्हणणं मी खोडून काढणार नाही.

आता माझं घोडं जिथे अडलं ते. इथल्या जुन्या इमारतींची रचना गिरगावातल्या चाळीसारखी असते: रस्त्यावर मोठा दरवाजा, आत चौक आणि चौकाभोवती प्रत्येक मजल्यावर उघडी गॅलरी. दिसायला सुरेख. पण चौकात खाली कोणी सिगारेट ओढत कुजबुजलं तरी तिसऱ्या मजल्यावर शब्द न् शब्द ऐकू येतो, आणि पहाटे तीनला कोणी कुजबुजत नसतं. तेही कानात बोळे घालून चाललं असतं. चालली नाही ती खालच्या दाराची बेल. दाराचा कोड विसरलेली मंडळी रस्त्यावरून पॅनेलवरची दिसतील ती बटणं दाबत सुटतात आणि आमच्या हॉस्टेलचा बझर नेमका आमच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर होता. रात्रपाळीचा पोरगा झोपलेला किंवा खाली उतरलेला. मग आठ जणांपैकी उठायचं कोणी? जो सर्वांत आधी वैतागतो त्याने. तो मी. दार उघडल्यावर वर येणारा माणूस आमच्या हॉस्टेलचा असेलच असंही नाही. एकदा आलेला गृहस्थ शेजारच्या इमारतीतला निघाला.

हा त्रास फक्त पाहुण्यांचा नाही. बार मध्यरात्री बंद करावेत का यावर २०१८ मध्ये या वॉर्डात सार्वमत घेतलं गेलं, पण पुरेसं मतदान न झाल्याने ते बाद ठरलं. शेजारच्या सहाव्या वॉर्डाने, तेरेझवारोशने, २०२४ मध्ये पर्यटकांना अल्पमुदतीने घरं भाड्याने देण्याविरुद्ध कौल दिला आणि १ जानेवारी २०२६ पासून बंदी ठरवली. त्यामुळे "हॉस्टेल नको तर बाजूला फ्लॅट घे" हा जुना सल्लाही आता तपासूनच घ्यावा.

पलीकडची बाजू. बुडाबद्दलचा नेहमीचा आक्षेप, "रात्री परतायचं कसं?", मोरित्स चौकाला लागू पडत नाही. सहा नंबरची ट्राम रात्रभर धावते आणि तिचं शेवटचं स्टेशन हाच चौक. ब्लाहा लुयझा चौकात चढलं की वीसेक मिनिटांत घर. शनिवारी रात्री ट्राममध्ये गाणी चालू असतात, पण ती ट्राममध्येच राहतात. विमानतळावरून १००ई बसने काल्विन तेर (म्हणजे काल्विन चौक), तिथून २०१४ साली सुरू झालेली चार नंबरची मेट्रो थेट चौकात आणते.

आजूबाजूला तंत्रविद्यापीठाची पोरं, बार्तोक बेला रस्त्यावरचे कॅफे, सकाळी पळायला गेलेर्तची टेकडी. शाकाहाऱ्यांसाठी एक टीप: दुपारी साध्या खानावळीत फ्योझेलेक मागा. पालक, मसूर, वाटाणा अशा कशाचीही दाटसर भाजी, आपल्या पातळभाजीच्या जवळची. वर मांसाचा तुकडा ठेवायची पद्धत आहे, म्हणून आधीच नको सांगायचं. चरबीचंही विचारून घ्यावं. गेलेर्तचं स्नानगृह ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, हे या भागाचं नुकसानच. पण १९ नंबरच्या ट्रामने रुदासचं स्नानगृह जवळ आहे आणि घुमटाखालच्या तुर्की हौदात पडून राहायचं तर मी पेस्टमधल्या सेचेन्यी स्नानगृहाच्या गर्दीपेक्षा तेच निवडेन.

उणी बाजू खरी आहे. इकडे हॉस्टेलं मोजकी, बहुतेक छोटी गेस्टहाउस, आणि डॉर्मचा बेड मिळालाच तर मला तरी तो थोडा महागच पडला. स्वयंपाकघरात कोणी "कुठला तू?" विचारत नाही. भेटलाच तर परीक्षेला बसलेला विद्यार्थी भेटतो आणि त्याला बोलायला वेळ नसतो.

म्हणजे आयुष्यातला पहिलाच एकट्याचा प्रवास असेल, वय पंचविशीच्या आत असेल आणि दिवसा झोपायची तयारी असेल, तर सातवा वॉर्ड घ्या, कोणी नावं ठेवणार नाही. बाकीच्यांना मी हळूच मोरित्स चौकाकडे ढकलेन. सिम्प्ला काही पळून जात नाही. उलट रविवारी सकाळी तिथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो, चीज, मध, जॅम, लोणच्याच्या बरण्या, आणि रात्रभर झोप झालेला माणूसच त्या वेळेला तिथे पोहोचू शकतो. सातव्यातच राहायचं ठरलं, तर बुक करण्याआधी हॉस्टेलला दोन प्रश्न लिहून पाठवा: खोलीची खिडकी इमारतीच्या आतल्या चौकात उघडते की रस्त्यावर, आणि रात्री बेल वाजली तर दार कोण उघडतं.