लेम्पुयांग की बातुकारू? बालीतलं डोंगरातलं देऊळ निवडताना

मुक्काम उबुडला, देवळासाठी एकच दिवस, आणि यादीत उरलेली दोन नावं: पूर्वेचं लेम्पुयांग आणि पश्चिमेचं बातुकारू. मधोमध दुभागलेल्या दारातून दिसणारा आगुंग ज्वालामुखी फोटोत इतक्यांदा पाहिलेला असतो, की मन आधी लेम्पुयांगकडेच जातं. माझा कौल मात्र बातुकारूला आहे, आणि तो त्या दाराजवळच्या रांगेमुळे.

तिथे फोटोसाठी नंबर मिळतो. उशिरा पोहोचलात तर दोन-तीन तास सहज जातात. फोटोतलं पाणी तिथे नाहीच. मोबाइलच्या लेन्सखाली आरसा धरून ते प्रतिबिंब आणतात. त्यात सकाळ चढली की आगुंगवर बहुतेकदा ढग येतात, आणि नंबर लागेपर्यंत डोंगरच दिसेनासा होतो. जास्त खटकतं ते हे, की फोटोचं ठिकाण, म्हणजे पुरा पनातारान आगुंग, हे खालचं देऊळ. लेम्पुयांग लुहुर हे मुख्य देऊळ शिखरावर आहे, सुमारे १७०० पायऱ्या वर. रांगेत दमलेली बहुतेक मंडळी तिकडे फिरकतच नाहीत.

तरीही जायचं असेल, तर पहाटे चारला उबुड सोडा. दोन-अडीच तास लागतात. गाडी खाली ठेवून पुढे तिथल्याच गाडीने वर जावं लागतं. फोटोचा मोह सोडून थेट पायऱ्या चढल्यात, तर हेच लेम्पुयांग फार सुंदर आहे. परतताना तीर्ता गंगा हा राजघराण्याचा जलमहाल आणि आजूबाजूची भातखाचरं होतात.

बातुकारूला यातलं काही नाही. दीडेक तासाचा रस्ता, २२७६ मीटरच्या डोंगराचा दक्षिण उतार, दाट जंगल, इजुक म्हणजे ताडवर्गीय झाडाच्या काळ्या तंतूंच्या छपरांचा सात मजली मेरू, म्हणजे मनोऱ्यासारखं देवस्थान. आपल्याकडच्यासारखा गाभारा आणि मूर्ती शोधू नका. बालीत उघडी अंगणं आणि पद्मासन नावाचं, देवासाठी रिकामं ठेवलेलं उंच दगडी आसन असतं. आपण हिंदू आहोत म्हणून आतल्या अंगणात थेट शिरू नये. ती जागा पूजेला आलेल्यांची. लुंगीसारखं कामेन आणि कमरेला शेला दोन्हीकडे हवाच. मासिक पाळीत किंवा घरात सुतक असताना प्रवेश नाही, हा नियम तिथे मनापासून पाळतात.

कौल बातुकारूला देण्याचं दुसरं कारण पाण्याचं. या जंगलातलं पाणी खाली सुबकच्या पाटांनी जातिलुविहच्या खाचरांत जातं. सुबक म्हणजे शेतकऱ्यांची पाणीसंस्था; या संस्थांचा प्रदेश २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. देऊळ आणि शिवार इथे एकाच दिवशी, एकाच धाग्याने पाहता येतात. लेम्पुयांगला शिवार वाटेत लागतं, एवढंच.

बातुकारूची अडचण पाऊस. नोव्हेंबर ते मार्च शेवाळलेल्या पायऱ्या निसरड्या असतात आणि दुपारी धुकं उतरतं. म्हणून आठच्या आत देऊळ, मग जातिलुविह. परतीला अॅपवरची गाडी मिळेलच असं नाही. दिवसभराची गाडी ठरवा. स्कूटर घेणार असाल तर दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना हवा, आणि उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, ते तापून निकामी होतात. जातिलुविहचा उंच वाढणारा लाल भात साधारण जानेवारीत लावतात; हिरवी खाचरं हवी असतील तर एप्रिल-मे धरा, पिवळी हवी असतील तर जून.