एसआरजीबी मोड की यूजर मोड?

मॉनिटरच्या मेनूत गेम, मूव्ही, रीडिंग अशी बरीच नावं असतात. फोटो आणि मजकुराचं काम करणाऱ्याने ती सोडून द्यावीत. खरी निवड दोनच मोडमध्ये आहे: रंग ठरलेल्या मापावर बांधून ठेवणारा एसआरजीबी आणि सगळ्या पट्ट्या आपल्या हातात देणारा यूजर. मी दोन्हींवर लग्नाचे अल्बम केलेत, एसआरजीबीवर जवळपास वर्षभर.

एसआरजीबीचं पारडं हलकं नाही. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेलं हे रंगांचं माप. पांढऱ्याची छटा ६५०० केल्विनची, गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात त्याचा आकडा, साधारण २.२. वेबवरचे बहुतेक फोटो याच मापाचे असतात. मोड लावला की निळसर झाक जाते आणि हळदीचा पिवळा भगव्याकडे सरकत नाही. तुमचा मॉनिटर वाइड गॅमट, म्हणजे या मापापलीकडचे रंगही दाखवणारा असेल, तर हा मोड सोडण्याआधी नीट विचार करा. एरवी त्यावर लाल रंग फार भडक दिसतो.

मला नडली ती एकच गोष्ट. माझ्या मॉनिटरवर हा मोड लावला की ब्राइटनेसची पट्टी करडी होते, हलतच नाही. बऱ्याच मॉनिटरवर असंच असतं. दुपारी खिडकीतून ऊन आलं की स्क्रीन मंद वाटायची. रात्री खोलीत एकच दिवा ठेवून बसलो की तोच पांढरा डोळ्यांत घुसायचा. डोळ्यांचा त्रास मी सहन केला असता, पण कामाला फटका बसला. रात्री सगळे फोटो उजळ दिसायचे, म्हणून मी ते थोडे थोडे गडद करत गेलो. अल्बम छापून आला तेव्हा नवरीची हिरवी पैठणी काळपट झाली होती, काठाशिवाय काही कळत नव्हतं. लॅबने फाइल होती तशीच छापली होती.

यूजर मोडमध्ये एक संध्याकाळ खर्च होते, हे खरं. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मग बसलो. कोरा कागद दिव्याखाली शेजारी धरला आणि स्क्रीनचा पांढरा त्याच्याइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवला. मग लाल-हिरवा-निळा या पट्ट्यांपैकी निळा कमी केला, हिरवा किंचित. कॉन्ट्रास्टला जवळजवळ हात लावला नाही. तो चढवला की पांढऱ्या शालूच्या चुण्या नाहीशा होतात. शेवटी लॅबमधून आलेला एक चांगला प्रिंट आणि त्याचीच फाइल शेजारी ठेवून पाहिली.

शार्पनेसची पट्टीही इथे मोकळी मिळाली. ती जास्त असली की शिरोरेषेभोवती पांढरी कड येते आणि बारीक टायपात ‘ष’ आणि ‘प’ पटकन वेगळे ओळखू येत नाहीत. कड जाईपर्यंत खाली आणली, पत्रिकेचं प्रूफ वाचणं सोपं झालं. एचडीएमआयवर काळा राखाडी दिसत असेल, तर मात्र मोड बदलून उपयोग नाही. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला, फुल आहे का ते बघा.

माझे आकडे देत नाही, प्रत्येक पॅनेलचे वेगळे असतात. पुढेमागे कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवायचं यंत्र घेतलंत तरी तेही आधी ब्राइटनेस आणि रंगांच्या पट्ट्या हलवायला सांगतं, म्हणजे यूजर मोडमध्येच यावं लागतं. नवा मॉनिटर घेणार असाल, तर दुकानातच एसआरजीबी लावून ब्राइटनेस हलतो का पाहा. हलत असेल, तर माझी निम्मी तक्रार तुमच्यापुरती उरत नाही.