वस्ती केंद्रासाठी जागा कुठली: समाजमंदिर, सोसायटीचा हॉल की शाळेची खोली?

१९२६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या वतीने मुंबईत ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ हे वस्ती केंद्र, म्हणजे वेगवेगळ्या समाजांतल्या शेजाऱ्यांनी एकत्र यावं अशी जागा, सुरू केलं. त्या सरमिसळीच्या भागात हे घर कुठल्याही एका जमातीचं नव्हतं, आणि तेच त्याचं बळ होतं. आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवातही १९३६ साली तिथूनच झाली. आज केंद्र काढू पाहणाऱ्या गटाच्या वाट्याला अशी स्वतंत्र वास्तू क्वचित येते. बहुधा तीनच जागा समोर असतात. भाड्याचा हिशेब नंतर करा. आधी बघा की त्या दारातून कोण बिनधास्त आत येईल.

समाजमंदिर वस्तीच्या मधोमध असतं, म्हणून पहिली पसंती त्यालाच मिळते. अडचण चावीची. जागा सरकारी असली तरी चावी एखाद्या मंडळाकडे असते, आणि ते मंडळ ज्या गल्लीचं किंवा ज्या समाजाचं, तेवढीच माणसं जागा आपली मानतात. ताबा लेखी कोणाकडे आहे आणि वीजबिल कोणाच्या नावावर आहे, हे आधी विचारा. थकबाकी असेल तर ऐन अभ्यासिकेच्या वेळी मीटर तोडला जातो. लग्नसराईत बारसं, साखरपुडा, हळद यांपुढे तुमचा वर्ग टिकत नाही. ठरलेले वार आणि तास मंडळाकडून लिहून घ्या. दोन चाव्या करा, एक महिला गटाकडे ठेवा.

सोसायटीचा हॉल स्वच्छ, पंखे चालू, संडास आतच. पण फाटकावर वॉचमनची वही असते: नाव, फ्लॅट नंबर, कोणाकडे जायचं. त्याच इमारतीत धुणीभांडी करणारी बाई संध्याकाळी त्या हॉलमध्ये सतरंजीवर बसायला येत नाही. संकुलातल्याच वेगवेगळ्या भाषांच्या कुटुंबांची ओळख व्हावी एवढाच हेतू असेल तर हॉल उत्तम. बाहेरच्यांनाही बोलवायचं असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या. कमिटीच्या तोंडी होकाराला कमिटी बदलली की किंमत राहत नाही.

रस्त्याच्या एका बाजूला वस्ती आणि दुसऱ्या बाजूला टॉवर असेल, तर आमचा कौल पालिका शाळेच्या खोलीला. वस्तीतल्या बऱ्याच घरांतलं कोणीतरी तिथे शिकलेलं असतं आणि टॉवरमधल्यांनाही ती परकी वाटत नाही. परवानगी लेखी लागते, तिचं नूतनीकरण विसरू नका. दुपारचं सत्र सुटून झाडलोट होईपर्यंत खोली मिळत नाही. निवडणुकीत शाळेचं मतदान केंद्र होतं, तेव्हा पर्यायी जागा हाताशी असू द्या. सामान ठेवायला कपाट मिळत नाही. कुलूप लावता येईल अशी पत्र्याची ट्रंक घ्या. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं अवघडतात, म्हणून तळमजल्यावरची, बाक बाजूला सारता येतील अशी खोली मागा. २० बाय १५ फुटांत सतरंजीवर २५-३० जण बसतात.

जागा कुठलीही असो, सुरुवात भाषणाने किंवा सणाने करू नका. सणाला वर्गणी येते, आणि वर्गणीबरोबर कोणाचा सण हा वाद. फॉर्म भरून देण्याचं टेबल मांडा: रेशनकार्ड, आधारवरच्या नावातली चूक, शिष्यवृत्ती. एका फॉर्मला १२ ते १५ मिनिटं लागतात, म्हणजे दोन कार्यकर्ते दोन तासांत १६ ते २० जणांपलीकडे जात नाहीत. टोकन द्या, नाहीतर ओळखीचे पुढे घुसतात आणि परप्रांतीय भाडेकरू पुन्हा फिरकत नाही. टोकन घेऊन बसलेल्यांसाठी लांब बाकडं ठेवा. एरवी एकमेकींच्या दारात न जाणाऱ्या बायका तिथे अर्धा तास शेजारी बसतात, एकीचं आधार दुसरी वाचून दाखवते. पाटी मराठी, हिंदी आणि त्या भागात बोलली जाणारी तिसरी भाषा, अशी तीन भाषांत लावा.

होकार देण्याआधी जागा रात्री साडेसातला पाहा, शक्यतो दोन बायकांना बरोबर घेऊन. गल्लीतला दिवा लागतो का, दाराशी कट्ट्यावर पोरं बसलेली असतात का, संडासाला आतून कडी आहे का, हे दुपारच्या भेटीत कळत नाही.