काउंटरवर ओतलेलं पाणी आणि गळकी रेनपॅन्ट

बडोद्याच्या दुकानांतून पावसाळी कपडे विकताना हल्ली एक प्रयोग दाखवतात. पॅन्ट काउंटरवर पसरायची, तिच्यावर ग्लासभर पाणी ओतायचं, पाण्याचे गोल थेंब घरंगळून गेले की कापड झटकायचं आणि कोरडा हात आपल्यापुढे धरायचा. हा प्रयोग पाहून कृपा करून कुणी पॅन्ट घेऊ नका. पॅन्ट वॉटरप्रूफ आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. मला २,४०० रुपयांची पॅन्ट याच प्रयोगावर विकली गेली. त्यानंतर जे जे कळलं ते सायकलवाल्यांना उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

मी दांडिया बाजारात राहते, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते आणि सायकलने जाते. राजमहाल रोड, लालबाग, मांजलपूर, मग मकरपुरा. पाऊस आहे म्हणून लॅब बंद राहत नाही. वरच्या अंगाला कुठलाही बरा रेनकोट चालून जातो, खरा प्रश्न कमरेखालचा असतो. सायकलवर मांड्या जवळजवळ आडव्या राहतात, त्यामुळे पाऊस थेट त्यांच्यावर पडतो. पुढचं चाक रस्त्यावरचं पाणी पोटऱ्यांवर उडवतं, मागचं पाठीवर, आणि बसायला ओली सीट. भिजलेल्या सलवारीने एसीत दिवस काढला की मांड्यांना चट्टे उठतात. ज्यांनी ते सोसलंय त्यांना मी चांगल्या पॅन्टसाठी एवढे पैसे का मोजले हे सांगावं लागणार नाही.

दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदाराने पॅन्ट दाखवली, लटकवलेल्या टॅगवरचा '१०,००० मिमी' हा आकडा दाखवला, पाणी ओतलं आणि म्हणाला, "बेन, एक टीपुं अंदर नहीं जाय, मारी गॅरंटी." (एक थेंब आत जाणार नाही.) पाकिटावर किंमत ४,९९९ होती, मला 'सीझनचा भाव' म्हणून २,४०० ला दिली. बिल मागितलं तर हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली, तिच्यावर दुकानाचा शिक्काही नव्हता. पैसे मी मोबाइलवरून यूपीआयने दिले होते. ती नोंद पुढे फार कामाला आली.

पहिल्याच मुसळधार पावसात मांजलपूरपर्यंत पोचेस्तोवर मी बसल्या जागी ओली झाले होते. गुडघे कोरडे, पोटऱ्या कोरड्या, आणि सीटचा भाग व मांड्यांची आतली बाजू चिंब. परत गेले तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "आ तो परसेवो छे, बेन. तमे सायकल चलावो छो ने." म्हणजे हा तर घाम आहे, तुम्ही सायकल चालवता ना.

इथे बहुतेक जण गप्प बसतात, कारण या उत्तरात थोडं खरंही आहे. पॅडल मारताना घाम येतोच आणि बंद कापडात तो आतून जमतो. 'ब्रीदेबल', म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणारं, म्हणून विकलेलं महाग कापडही आपल्याकडे तितकं चालत नाही. त्यामागचं कारण साधं आहे. वाफ आतून बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या दाबात फरक असतो म्हणून. युरोपातल्या दहा अंशांच्या थंड पावसात तो फरक मोठा असतो. बडोद्याच्या जुलैत बाहेरची हवाच २८ अंशांची आणि बाष्पाने भरलेली, म्हणून तो फरक निम्म्याहूनही कमी राहतो. अशा कापडावर छापलेल्या आकड्यांची चाचणी इथल्या हवेत झालेली नसते. म्हणजे आपल्याला घाम येणार हे दुकानदाराला ठाऊक असतं, आणि गळतीची तक्रार त्या घामावर ढकलता येते हेही.

घाम की पाणी, याचा निकाल माझ्या मावसभावाने लावला. सयाजीरावांनी १८९० साली काढलेलं कलाभवन, जे आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे, तिथे तो टेक्स्टाइल शिकला. तो म्हणाला, "ताई, वरून पाणी ओतून काय कळणार? आतून भरून टांग." आम्ही पॅन्ट उलटी केली, दोन्ही पाय खालून दोरीने घट्ट आवळले, बाथरूमच्या दांडीला कंबर अडकवली आणि बैठकीच्या वरपर्यंत पाणी भरलं. आत माणूस नाही, म्हणजे घामाचा प्रश्न नाही. थोड्याच वेळात चार शिवणी जिथे एकत्र येतात त्या जागेतून थेंब सुरू झाले, मग बैठकीच्या मधल्या शिवणीतून धार. गुडघ्यापाशी कापड कोरडंच. मी मोबाइलवर सलग व्हिडिओ काढला, आधी टॅग दाखवून.

मग त्याने काउंटरवरच्या पाण्याचा अर्थ सांगितला. पाणी गोल होऊन घरंगळतं ते कापडाच्या वरच्या बाजूला धाग्यांवर दिलेल्या रासायनिक लेपामुळे. असा लेप साध्या विंडचीटरवरही असतो. तो घासला जातो, साबणाने मंदावतो, धुतल्यावर काही काळाने जातो. पाणी खरोखर अडवतं ते आतल्या बाजूचं कोटिंग किंवा मेम्ब्रेनचा पातळ पडदा. हा थर कितपत चांगला आहे ते ओतलेल्या पाण्याला कळूच शकत नाही, कारण ओतलेल्या पाण्याला जवळजवळ दाबच नसतो. मिमीचा आकडा दाबाचाच आहे. कापडावर पाण्याचा दाब वाढवत न्यायचा आणि तीन जागी थेंब फुटले की किती उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब झाला ते मोजायचं, अशी ती चाचणी असते. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर पाण्याचा दाब.

आता हे सीटवर लावून पाहा. समजा तुमच्या वजनातलं ४० किलो सीटवर येतं आणि सीट टेकते साधारण २०० चौरस सेंटीमीटरवर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला २०० ग्रॅम, पाण्याच्या भाषेत दोन मीटर, २,००० मिमी. ही झाली सरासरी. बसण्याच्या दोन हाडांखाली दाब याच्याहून बराच जास्त असतो. सीट ओली, वर तुमचं वजन, आणि मिनिटाला साठ पॅडल धरली तरी तासाला ३,६०० वेळा मांडी घासली जाते. स्कूटरवर बसून जाणाऱ्याला जी पॅन्ट पुरते ती सायकलवर पुरत नाही, याचं कारण हे आहे. विकणारे दोघांना एकच माल दाखवतात.

शिवणीचा मुद्दा तर आणखी मोठा. कापड कितीही चांगलं असो, शिवणीत सुईची भोकं पडतातच. ती आतून टेप चिकटवून बंद करावी लागतात. माझ्या पॅन्टीला टेप होती, पण फक्त दोन्ही बाजूंच्या लांब शिवणींना, जी दुकानात उलटवून दाखवली की पटकन दिसते. बैठकीच्या आणि जांघेतल्या शिवणीला टेपच नव्हती. ज्या जागी सर्वांत जास्त दाब येतो आणि जी दुकानात कुणी पाहत नाही, नेमकी तीच जागा उघडी सोडली होती. याला मी चूकभूल म्हणू शकत नाही.

संशयाला जागा राहू नये असं काही दुसऱ्या दिवशी हाती लागलं. पॅन्टीचं पाकीट मी जपून ठेवलं होतं. लॅबला नेताना दमट हवेने त्याच्यावरचा स्टिकर कडेने उचलला गेला. खाली मूळ छपाई होती: 'वॉटर रिपेलंट', आणि किंमत ८९० रुपये. पॅन्टीच्या आतलं शिवलेलं लेबल कात्रीने कापलेलं होतं, बुडखा तेवढा राहिला होता. टॅगवर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, चाचणीचा उल्लेख नाही. पाणी पूर्ण अडवेल असं नव्हे, थोडंफार परतवेल एवढंच, असं ज्याने बनवलं त्याने प्रामाणिकपणे छापलं होतं. त्याच्यावर कुणीतरी वॉटरप्रूफ चिकटवलं आणि जवळजवळ तिप्पट किमतीला मला विकलं.

तिसऱ्या खेपेला मी व्हिडिओ आणि स्टिकर घेऊन गेले. दुकानदाराने दुसरी पॅन्ट देऊ केली, तीही त्याच मालातली. मी घेतली नाही. चिठ्ठीवर लिहिलेलं 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य त्याने बोटाने दाखवलं. त्या वाक्याला मुळीच घाबरू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे बिलात मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विकलेल्या मालाचं बिल न देणं हीसुद्धा. पॅकबंद मालावर उत्पादकाचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणं २०११च्या नियमांनी बंधनकारक आहे. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. मी दुकानातूनच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथे मराठी-गुजरातीतही बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळाला तेव्हा त्याचा आवाज बदलला, आणि चार दिवसांनी पैसे यूपीआयवर परत आले. माफी नाही. तो माल मात्र त्याच्या फळीवर अजून आहे, म्हणून हे लिहायला बसले.

नवी पॅन्ट घेताना मी आधी ती उलटी करायला लावली. बैठक आणि जांघ यांच्या शिवणींवर टेप आहे का ते बोटाने चाचपलं, टेपची कड नखाने उचलून पाहिली, सुटली नाही. बैठकीला दुहेरी कापड, आणि शक्यतो बैठकीच्या मधोमध शिवणच नाही असा कट. कंबर मागून उंच, कारण सायकलवर वाकलं की पाठ उघडी पडते. खाली झिप, म्हणजे बूट न काढता घालता येते, आणि घोट्याला वेल्क्रो, नाहीतर कापड चेनमध्ये अडकतं. दुकानातच गुडघा छातीपर्यंत उचलून पाहा, ताणलं जात असेल तर एक मोठं माप घ्या. घरी भरून टांगायची चाचणी पहिल्याच दिवशी करा, पावसाची वाट पाहू नका.

पैसे कमी असतील तर वेल्डिंग केलेल्या, म्हणजे शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवलेल्या जोडांची पीव्हीसी पॅन्ट घ्या. तिच्यात घाम भरपूर येतो, घडी मोडते तिथे काही काळाने तडे जातात, पण ती पाण्याबाबत खोटं बोलत नाही. पॉलियुरेथेनच्या कोटिंगला उष्ण-दमट हवा मानवत नाही, ते चिकट होऊन सोलतं, म्हणून पावसाळा संपल्यावर पॅन्ट नीट वाळवून हवेशीर जागी टांगा, प्लास्टिकच्या पिशवीत दाबून ठेवू नका. आणि दोन्ही चाकांना लांब मडगार्ड लावा. बरंचसं पाणी तर खालून येतं, ते कुठल्याही पॅन्टीने अडवण्यापेक्षा चाकापाशीच अडलेलं बरं.

अशाच स्टिकरचा माल कुणी घेतला असेल तर स्टिकर ओढून काढू नका. आधी त्याचा फोटो घ्या, मग वाफेवर धरून सोडवा आणि खालच्या छपाईचा फोटो घ्या. पक्कं बिल नसेल तरी यूपीआयची नोंद पुरावा म्हणून जोडता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते.