बारा हजार लुमेनचा प्रोजेक्टर आणि आण्णांचे डोळे

गेल्या दिवाळीच्या तोंडावर सांगलीत एका मंगल कार्यालयात चार दिवसांचं प्रदर्शन लागलं होतं. गाद्या, मिक्सर, लोणची-पापड आणि कोपऱ्यात प्रोजेक्टरचा एक स्टॉल. तिथून मी १४,५०० रुपयांना प्रोजेक्टर घेतला आणि फसलो. मी कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो, ही रक्कम मला लहान नाही. पण पैशापेक्षा जास्त लागलं ते आण्णांचं. ते ओघात येईलच.

आण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे आटपाडीकडचे. खरसुंडीच्या जत्रेत तंबूत पाहिलेल्या पिक्चरच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पडद्याच्या पुढे बसायचं की मागे, यावरूनसुद्धा भावांची भांडणं व्हायची म्हणे. आता गुडघ्यांमुळे त्यांना थिएटरच्या पायऱ्या चढवत नाहीत. सप्टेंबरमध्ये मिरजेला त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की दिवाळीत वरच्या खोलीत त्यांना मोठ्या पडद्यावर पिक्चर दाखवायचा.

स्टॉलवर काळ्या कापडाची खोली केली होती. आत मिट्ट काळोख आणि समोर जेमतेम ४० इंचांचा पांढरा पडदा. त्यावर मासे, फुलं, पोपट असं काहीतरी चालू होतं. रंग असे उठून दिसत होते की हात लावावासा वाटावा. बाहेरच्या फलकावर लिहिलं होतं : १२,००० लुमेन, नेटिव्ह १०८०पी, ४के. (लुमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप. नेटिव्ह १०८०पी म्हणजे यंत्राचं स्वतःचं चित्रच रुंदीत १९२० आणि उंचीत १०८० ठिपक्यांचं, ४के म्हणजे त्याच्याही चौपट ठिपके.) मूळ किंमत ३४,९९९, आज फक्त १४,५००. मी विचारलं, "१०० इंच चित्र केलं तर असंच दिसेल का?" स्टॉलवाला म्हणाला, "दादा, २०० इंच करा. घरी गेल्यावर फोन करून मला थँक्यू म्हणाल." मी यूपीआयने पैसे दिले. मोबाइलवर नाव आलं ते एका व्यक्तीचं, स्टॉलच्या नावाशी त्याचा काही संबंध नव्हता. बिल म्हणून जो कागद मिळाला त्यावर 'एस्टिमेट' छापलेलं होतं. जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. पक्कं बिल मागितल्यावर "बिल व्हॉट्सॲपवर येईल" असं उत्तर मिळालं. तिथेच मी थांबायला हवं होतं.

पाडव्याच्या संध्याकाळी सगळे वरच्या खोलीत जमलो. भडंगाची परात मधे, आण्णांना खुर्ची, भिंतीला ताजा पांढरा रंग. एक जुना काळा-पांढरा पिक्चर लावला. चित्र मोठं आलं, पण मेणकागदातून बघितल्यासारखं. रात्रीचा प्रसंग आला की काळा रंग राखाडी व्हायचा आणि माणसं त्यात बुडून जायची. मधली अक्षरं थोडीफार वाचता येत होती, कडेची नाही. पंख्याचा घरघराट इतका की संवादासाठी आवाज वाढवावा लागला. पोरं अर्ध्या तासात खाली पळाली. आण्णा शेवटपर्यंत बसून राहिले, डोळे बारीक करून, मान पुढे काढून.

दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाले, "सूनबाई, माझं ऑपरेशन बिघडलंय बहुतेक. मला पडद्यावरचं तोंड ओळखू येईना. तुम्ही पोरांनी एवढा खर्च केला, म्हणून बोललो नाही."

त्यांना घेऊन पुन्हा मिरजेला गेलो. डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं. लेन्स नीट बसली होती, नजर चांगली होती. त्या स्टॉलवाल्याने मला खोटं विकलं आणि माझ्या बापाला वाटलं की आपले डोळे खोटे. हे मी विसरू शकत नाही.

भाचा इथेच वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. तो रविवारी आला आणि म्हणाला, "मामा, अंदाजाने बोलायला नको. मोजूया." त्याने जे केलं ते कुणालाही घरी करता येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पट्टी. चित्राची रुंदी टेपने मोजली, २२१ सेंटिमीटर भरली. म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तर १०० इंचांचं चित्र. मग भिंतीला नाक लावून बघितलं तर बारीक बारीक चौकोन दिसतात, त्या जाळीतला एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. शाळेची पट्टी धरून ओळीतले दहा चौकोन मोजले : २६ मिलिमीटर. यंत्र खरंच १०८०पी असतं तर रुंदीत १९२० पिक्सेल असते आणि दहा चौकोन साडेअकरा मिलिमीटरमध्ये मावले असते. आमचा हिशेब साडेआठशेच्या आसपास आला. म्हणजे पॅनेल, यंत्रात चित्र तयार करणारी काच, ८५४ बाय ४८० चं. १०८०पीमध्ये वीस लाखांवर पिक्सेल असतात, आमच्याकडे चार लाखांच्या आसपास. कडेची अक्षरं का वाचता येत नव्हती, याचं अर्धं उत्तर इथे मिळालं. बाकीचं अर्धं स्वस्त भिंगाचं.

मग उजेड. कारखान्यात दिव्यांचा उजेड तपासायला आमच्याकडे लक्समीटर असतो, साहेबांना विचारून एका रात्रीपुरता आणला. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती लुमेन पडतात ते. खोलीत पूर्ण अंधार केला, पूर्ण पांढरं चित्र लावलं आणि त्याचे सारखे नऊ भाग पाडून प्रत्येकाच्या मधोमध मोजलं. मधे ६४ लक्स, कोपऱ्यांत ३० च्या आसपास. नऊ आकड्यांची सरासरी ४२ लाही पोचली नाही. चित्राचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. गुणाकार केला की सुमारे ११५ लुमेन. 'आन्सी लुमेन' म्हणतात ते याच नऊ ठिकाणांच्या पद्धतीने मोजलेले असतात. नुसता 'लुमेन' हा शब्द आणि पुढे भलामोठा आकडा असेल तर त्याला बहुतेकदा मोजणीचा कसलाच आधार नसतो.

१२,००० हा आकडा मोजण्याआधीच पकडता आला असता, हे भाच्याने नंतर दाखवलं. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो, म्हणजे वॅटमागे शंभर. आमच्या प्रोजेक्टरच्या ॲडॉप्टरवर ६० वॅट लिहिलंय. सगळी वीज दिव्यालाच गेली असं धरलं तरी ६,०००. त्यातही एकाच एलसीडी पॅनेलच्या यंत्रात प्रकाश आधी पोलरायझरमधून, म्हणजे एकाच दिशेच्या प्रकाशलहरी पुढे सोडणाऱ्या पट्टीतून, जातो, तिथे निम्म्याहून जास्त अडतो. पुढे लाल-हिरवा-निळा फिल्टर उरलेल्याचा दोन-तृतीयांश खातो. मग पॅनेलची जाळी, मग भिंग. बाहेर पडतो तो थोडका उरलासुरला उजेड. ॲडॉप्टरवरचे वॅट वाचायला दहा सेकंद लागतात.

आणि मग स्टॉलवर इतकं झकास कसं दिसलं? पडद्याच्या आकारामुळे. तेवढाच उजेड ४० इंचांवरून १०० इंचांवर पसरला की प्रत्येक ठिकाणी सव्वासहापट कमी होतो. चित्रपटगृहाच्या पडद्यासाठी उजेडाचं प्रमाण ४८ निट धरतात (निट म्हणजे पडद्यावरून डोळ्यांकडे येणाऱ्या उजेडाचं माप). घरात १०० इंचांवर तेवढं हवं असेल तर साध्या पांढऱ्या पडद्यावर, पूर्ण अंधारात, चारशेच्या पुढे खरे लुमेन लागतात. ११५ लुमेनला साधारण ५० इंचच झेपतात, आणि एवढा तर टीव्हीच असतो. मासे आणि फुलं दाखवली, अक्षरं दाखवली नाहीत, रात्रीचा प्रसंग दाखवला नाही, तेही ठरवूनच असणार असं मला आता वाटतं.

दिलेल्या नंबरवर फोन केला. पहिल्या दिवशी उचलला, दुसऱ्या दिवसापासून बंद. तेच प्रदर्शन कोल्हापूरला लागल्याचं कळलं तसा सुट्टी टाकून गेलो. काळं कापड तेच, मासे तेच. स्टॉलवाल्याने मला ओळखलं. मी मोजलेले आकडे सांगितले तर त्याने खोका फिरवून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं : '१०८०पी सपोर्टेड'. "दादा, सपोर्ट करतो असं लिहिलंय. १०८०पी पिक्चर चालतो की नाही?" चालतो, हे खरं आहे. १०८०पीचा व्हिडिओ आत घेतो आणि चार लाख ठिपक्यांत दाबून बाहेर सोडतो. 'नेटिव्ह' हा शब्द फक्त फलकावर होता आणि त्याच्या तोंडात होता. फलकाचा फोटो मी काढलेला नव्हता. कोल्हापुरातल्या फलकावरून तो शब्द गायब होता. शेवटी दोन हजार रुपये देऊन यंत्र ठेवून घ्यायला तयार झाला. मी उठून आलो.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. मराठीतून बोलता येतं, माणसं नीट ऐकून घेतात. पण पहिले प्रश्न विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि बिल यांचेच आले आणि माझ्याकडे होता एस्टिमेटचा कागद. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. कायदा आपल्या बाजूचा आहे, पण समोर उभं कुणाला करायचं? जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नोंदलेलं नाव दिसतं. तो छापलेलं बिल हातात येईपर्यंत पैसे पाठवू नका, रांगेत मागे कितीही माणसं उभी असोत.

बजेट पंधरा हजारांचंच असेल तर प्रोजेक्टर घ्यायचाच नाही, असं मी म्हणत नाही. खरा १०८०पी पॅनेल आणि दोन-तीनशे खरे आन्सी लुमेन या पैशांत शोधले तर मिळतात. मग चित्र ७० इंचांच्या आसपास ठेवायचं, पडदे ओढायचे आणि रात्रीच बघायचं. पॅनेल आणि भिंग बंद पेटीत असलेलं यंत्र बघून घ्यावं. आमच्या यंत्रात दोन महिन्यांत धूळ शिरली आणि चित्रात डाग उमटले. दुकानात जाताना आपला पेनड्राइव्ह न्या, त्यात मराठी अक्षरांचं एक पान आणि अंधारातला एक प्रसंग ठेवा. चित्र घरी हवं तेवढं मोठं करायला लावा आणि पट्टी काढा. दुकानदार पट्टीला नाही म्हणाला तर बाहेर पडा.

मी यूपीआयची नोंद, एस्टिमेट, पट्टी धरलेला फोटो आणि लक्सचे नऊ आकडे घेऊन तक्रार लिहिली आहे. पैसे ज्या नावावर गेले तेवढाच एक धागा हातात आहे. मिरजेच्या डॉक्टरांचा तपासणीचा कागद आण्णांनी स्वतः आणून फायलीत लावला.

दिवाळीआधी सांगली-मिरजेत किंवा नंतर कोल्हापुरात काळ्या कापडाच्या स्टॉलवरून कुणी असं यंत्र घेतलं असेल, तर आज रात्री दहा चौकोन मोजा आणि एस्टिमेटचा कागद शोधून ठेवा. पैसे कुणाच्या नावावर गेले ते बघा. तेच नाव निघालं तर मला कळवा, तक्रार एकत्र करू.