बोर्डाचं घराणं पाहिलं, मध्यस्थ पाहिलाच नाही

दाराशी पडलेलं पार्सल म्हणजे एक पाकीट होतं. करड्या प्लॅस्टिकचं, उशीच्या अभ्र्यापेक्षाही लहान. मी मागवला होता १४९ सेंटीमीटरचा स्नोबोर्ड, उभा केला तर माझ्या नाकाला लागेल एवढा. पाकिटातून निघाली एक विणलेली टोपी. राखाडी रंगाची, वर गोंडा. मी तरीही पाकीट उलटं करून दोनदा झटकलं, जणू बोर्ड आत कुठेतरी अडकून बसलाय.

मी मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं डेन्व्हरला. व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या वेबसाइटमधल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते फार लागणार आहे.

स्नोबोर्डिंग सुरू केलं ते मुलामुळे. तो शिकत होता आणि मी खाली कॉफी पीत थंडीत कुडकुडत होते, तेव्हा वाटलं, आपणही शिकावं. चाळिशीच्या उंबरठ्यावर लव्हलँडच्या उतारावर पहिल्या दिवशी आलटून पालटून गुडघ्यांवर आणि पार्श्वभागावर पडले. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, घसरगुंडीला एवढे पैसे? आमच्या वेळी फुकट होती." पण दोन सीझन भाड्याच्या बोर्डावर काढल्यावर स्वतःचा हवासा वाटायला लागला. भाड्याचे बोर्ड मऊ असतात, कडा बोथट झालेल्या असतात, आणि लव्हलँडजवळच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या आसपास ११,००० फुटांवर सकाळी बर्फ कडक असला की ते पकडच घेत नाहीत.

मग सुरू झालं स्थळं बघणं. दुसरा शब्द नाही त्याला. एक्सेलची शीट उघडली आणि प्रत्येकाचं घराणं, उंची, कंबर, स्वभाव असे रकाने केले. बर्टन म्हणजे सगळ्यात जुनं, नावाजलेलं घराणं, १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटरने व्हरमाँटमध्ये सुरू केलेलं. लिब टेक आणि ग्नू हे सख्खे भाऊ, दोन्ही वॉशिंग्टन राज्यातल्या मर्विनच्या कारखान्यात बनतात. कॅपिटाचा कारखाना ऑस्ट्रियातल्या फाइस्ट्रिट्झ गावात. जोन्स हे जेरेमी जोन्स या डोंगरवेड्या माणसाचं, आणि त्याचे बोर्ड बनतात दुबईत! बर्फाची फळी वाळवंटात तयार होते हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, कोकणातला आंबाही दुबईतच जास्त खातात. नेव्हर समर तर आमच्या डेन्व्हरचंच, १९९१ पासूनचं.

स्वभावाचा रकाना मोठा होता. पायांखाली फळी कमानीसारखी वर उचललेली असेल तर कॅम्बर. ती कडेवर घट्ट धरते, पण चूक केली की लगेच आपटते. उलटी, केळ्यासारखी वाकलेली असेल तर रॉकर, नवशिक्याला माफ करणारी. हल्ली बहुतेक बोर्ड दोघांचं मिश्रण असतात. त्यात फळी किती लवचिक याचा दहापैकी आकडा, पण तो प्रत्येक कंपनी आपल्या मापाने देते, त्यामुळे एकीचं पाच दुसरीच्या पाचाशी जुळेलच असं नाही. बेस, म्हणजे बर्फाला टेकणारा तळ, सिंटर्ड असेल तर वेगवान, वॅक्स पिणारा आणि महाग. एक्सट्रूडेड असेल तर संथ, पण सांभाळायला सोपा. तीन आठवडे मी यातच होते. शेवटी दोन स्थळं उरली, बर्टनचा फीलगुड आणि ग्नूचा लेडीज चॉइस.

या दोघांची तुलना शोधताना मला ते पान सापडलं. सापडलं म्हणजे जाहिरातीतून समोर आलं. पान देखणं होतं. पाच ब्रँडचा मोठा तक्ता, प्रत्येकाला तारे, खाली चांगले पाच-सहा परिच्छेद. कुठेही "घ्या, घ्या" नाही. उलट दोन बोर्डांविषयी "हा नवशिक्यांनी टाळावा" असंही लिहिलेलं. इथेच मी फसले. जो माणूस काही वस्तू घेऊ नका म्हणतो, त्याच्यावर आपला पटकन विश्वास बसतो. मंडईत "ताई, हा आंबा आज नका घेऊ, तो घ्या" म्हणणाऱ्याकडून आपण दोन डझन घेऊन येतो, तसंच.

आता त्या तक्त्यातलं सांगते, कारण सगळं त्यातच दिसत होतं. स्नोबोर्डची कंबर, म्हणजे मधला सगळ्यात अरुंद भाग, लांबीबरोबर थोडी थोडी वाढते. या तक्त्यात १४४ पासून १५५ पर्यंत प्रत्येक मापापुढे २५० मिलीमीटर. सगळ्या ब्रँडना तेच. दुसरं, बर्टनच्या बोर्डापुढे "मॅग्ने-ट्रॅक्शन" लिहिलेलं. ब्रेडच्या सुरीसारखी नागमोडी कड असते ती, आणि ते मर्विनचं तंत्र आहे. बर्टनच्या कडांचा प्रकार वेगळा, त्याला ते फ्रॉस्टबाइट म्हणतात. तिसरं म्हणजे कहर. फीलगुडच्या फोटोत मधोमध लांबलचक खाच स्पष्ट दिसत होती. तिला चॅनेल म्हणतात, बूट फळीला धरून ठेवणारं बाइंडिंग त्यातच बसतं. आणि खाली लिहिलेलं, "४ बाय ४ छिद्रं". बाइंडिंगच्या स्क्रूंची अशी छिद्रं इतर कंपन्यांच्या बोर्डांना असतात.

मला तिन्ही दिसलं. अगदी दिसलं. शीटमध्ये पिवळा रंगसुद्धा दिला. मनात म्हटलं, कॉपी-पेस्टची चूक, बिचारा कोणी रात्री जागून भरत असेल. ऑफिसात कोणाच्या पानावर अशा तीन चुका दिसल्या असत्या तर मी रिलीज थांबवली असती. पण तिथे मी चुका शोधायला बसलेली असते, इथे मी बोर्ड घ्यायला बसले होते.

तक्त्याच्या तळाशी फीलगुडपुढे "आजची सर्वांत कमी किंमत" असं बटण. ते नेतं एका दुकानाच्या पानावर, जिथे पाचशे डॉलरच्या वरचा बोर्ड १७९ ला. गेल्या सीझनचा माल, गोदाम रिकामं करतोय, दोनच शिल्लक. हे मला पटलं, कारण मार्च-एप्रिलमध्ये खऱ्या दुकानांतही जुन्या मॉडेलवर चांगली सूट मिळतेच. खोट्याला खऱ्याचा असा टेकू असला की तो उभा राहतो. क्रेडिट कार्डाने पैसे भरले.

दोन मिनिटांत कोपऱ्यात चॅट उघडलं. "हॅलो डिअर, बाइंडिंग नको का?" मी विचारलं, चॅनेलवर बसेल ना? उत्तर आलं, "होय डिअर, ४ बाय ४ वर बसेल." चॅनेल विचारलं, छिद्रांचं उत्तर मिळालं. आणि मी पुढे गेले. बाइंडिंगसाठी मात्र "कार्डाची यंत्रणा बंद आहे, बँकेच्या ॲपमधून थेट पाठवा, दहा टक्के कमी करतो." ८८ डॉलर पाठवले. ॲपने विचारलंही होतं की या व्यक्तीला तुम्ही ओळखता का. मी "हो" दाबलं.

नंतरचे तीन आठवडे ट्रॅकिंग हलत राहिलं. मग आलं ते पाकीट.

ईमेल केल्यावर दुसऱ्या दिवशी उत्तर: गोदामात गोंधळ झाला, माफ करा, टोपी ठेवा, १५ टक्के परत देतो. मी नाही म्हटलं. २५ टक्के. नाही. चार दिवसांनी ४०. घासाघीस मी आयुष्यभर केली आहे, पण समोरचाच आकडा वाढवत नेतो अशी पहिल्यांदाच. पूर्ण पैसे हवे असतील तर "माल" स्वखर्चाने परदेशातल्या पत्त्यावर परत पाठवायचा, त्याचं टपाल टोपीच्या दहापट. पहिल्यानंतरच्या प्रत्येक उत्तराला तीन-चार दिवस लावायचे. का, ते पुढे कळलं. अमेरिकेत कार्डाच्या बिलाबद्दल तक्रार करायची तर चूक ज्या बिलात पहिल्यांदा दिसली ते पाठवल्यापासून साठ दिवसांच्या आत लेखी करावी लागते. ही सगळी गोड गोड पत्रं म्हणजे ते साठ दिवस खायची सोय.

मी बत्तिसाव्या दिवशी तक्रार केली. बँकेने विचारणा केली, दुकानाने ट्रॅकिंग दाखवलं: "पोहोचवलं". गाव तेच, तारीख तीच. बँकेचं पत्र आलं, माल मिळाल्याचं दिसतंय, प्रकरण बंद.

त्या रात्री मी कचऱ्यातून ते पाकीट शोधून काढलं. सुदैवाने पुठ्ठ्यांच्या डब्यात पडलं होतं. लेबल चुरगळलेलं, पण कोपऱ्यात बारीक अक्षरांत वजन छापलेलं: ४ औंस. सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. स्नोबोर्डचं वजन अडीच-तीन किलो असतं. लेबलाचा फोटो, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टोपी ठेवून दुसरा फोटो, आणि तीन ओळींचं पत्र. प्रकरण पुन्हा उघडलं आणि पाच आठवड्यांनी १७९ डॉलर परत आले. म्हणून काहीही चुकीचं आलं तर पाकीट टाकू नका, फाडूसुद्धा नका.

८८ डॉलर गेले ते गेले. ॲपवाल्या बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हो दाबलंत. बरोबरच होतं. ज्याला पैसे गेले ते नाव दुकानाचं नव्हतंच, कुठल्या तरी व्यक्तीचं होतं, तेही मी पाठवताना वाचलं होतं.

मग सवयीने टेस्टिंगला बसले, जे आधी करायचं ते. वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं हे कोणालाही फुकट बघता येतं. हे दुकान मी खरेदी केली त्याच्या १९ दिवस आधी जन्मलेलं. तुलनेचं पान त्याच्याही नंतरचं, चार दिवसांनी. "पंचवीस वर्षांचा अनुभव" असं वर लिहिलेलं. पत्ता नकाशावर टाकला तर एक बैठं घर, अंगणात मुलांचा झोका. फोटो सगळे कंपन्यांच्या पानांवरून उचललेले. आणि कंपन्या स्वतःच्या वेबसाइटवर अधिकृत दुकानं दाखवतात, तिथे हे नाव असायचं कारणच नव्हतं. पाच मिनिटांचं काम. मी तीन आठवडे वराचं घराणं, उंची, कंबर तपासली. मध्यस्थ कोण, कुठला, कोणी विचारलंच नाही.

फेडरल ट्रेड कमिशनच्या आणि एफबीआयच्या आयसीथ्री या दोन्ही ठिकाणी ऑनलाइन तक्रार केली. त्यातून ८८ डॉलर येणार नाहीत हे माहीत होतं. भारतात बसून कोणी गुलमर्गसाठी सामान मागवत असेल आणि असं झालं, तर १९३० वर त्याच तासात फोन करा. तिकडे पैसे पुढे सरकायच्या आत अडवायची शक्यता तरी असते.

बोर्ड शेवटी गावातल्या दुकानातून घेतला. तिथल्या मुलीने ब्रँडबद्दल काही विचारलंच नाही. आधी बूट काढायला लावले, पाऊल मोजलं, वजन विचारलं, मग विचारलं, "मोकळ्या बर्फात की पार्कात?" पार्क म्हणजे उड्या मारायची जागा. बोर्डाची लांबी उंचीपेक्षा वजनावर ठरते आणि कंबर बुटावर, हे तिने बूट बोर्डावर ठेवूनच दाखवलं. फळी फार अरुंद असली तर वळताना बोटं बर्फात घासतात, फार रुंद असली तर कड पलटायला वेळ लागतो. माझ्या पायाला २४ सेंटीमीटरच्या आसपासची कंबर हवी होती. म्हणजे तक्त्यातले ते २५० खरे असते, तरी तो बोर्ड मला थोडा रुंदच पडला असता. माझ्या शीटमध्ये पाच घराण्यांचा इतिहास होता, माझ्या पावलाचं माप नव्हतं. ग्नू घेतला, गेल्या वर्षीचा, तीस टक्के सूट. बिल कार्डावर.

टोपी मुलगा घालतो. म्हणतो, हेल्मेटखाली मस्त बसते.

परवा मैत्रिणीने एक लिंक पाठवली. तिच्या नवऱ्याला बोर्ड घ्यायचाय, "तू एवढी तुलना केलीस, हे पान बघून सांग ना गं." नाव वेगळं, रंग वेगळे. तक्ता उघडला. सगळ्या मापांपुढे २५०. बर्टनपुढे मॅग्ने-ट्रॅक्शन. खाच असलेल्या फोटोखाली ४ बाय ४. नोंदणी १२ दिवसांपूर्वीची. मी तिला फोन लावेपर्यंत माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात चॅट उघडलं होतं: "हॅलो डिअर."